पाच रुपयांचा परवाना आणि पंचविसाव्या वर्षाची अट

महाराष्ट्रात दारू विकत घ्यायची, जवळ बाळगायची किंवा प्यायची तर परवाना लागतो. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग त्याखाली हा परवाना देतो. ‘परमिट रूम’ हा शब्द त्यातूनच आला. परवानाधारकाने बसून प्यायची खोली, एवढाच त्याचा मूळ अर्थ. रोज त्या पाटीखालून आत जाणाऱ्यांपैकी किती जणांच्या खिशात परमिट असतं, हे गल्ल्यावर बसणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं.

परवान्याचे दर अगदी किरकोळ आहेत. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचा परवाना ५ रुपये, देशीसाठी २ रुपये, वर्षाचा १०० रुपये आणि आजीवन १,००० रुपये. सरकारी सेवा म्हणून याचं परीक्षण करायचं तर प्रश्न दोन आहेत. परवाना मिळतो का, आणि ज्यासाठी तो आहे ते काम तो करतो का? पहिल्याचं उत्तर ‘हो, सहज मिळतो’ असं आहे. दुसरा प्रश्न वयाचा आहे आणि तिथे ही सेवा कमी पडते. नियमाप्रमाणे कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि बिअरसाठी २१. हे वय तपासायची जागा एकच, ती म्हणजे परवाना देण्याचा क्षण. तो क्षण वगळला तर अट नुसती भिंतीवरच्या पाटीवर उरते.

आधी एक दिवसाचा परवाना घेऊ, कारण तरुणांचा संबंध त्याच्याशीच येतो. वाइन शॉप (एफएल टू) आणि परमिट रूम (एफएल थ्री) यांनी या परवान्यांची पुस्तकं उत्पादन शुल्क कार्यालयातून आगाऊ पैसे भरून आणायची असतात. गिऱ्हाईक आलं की नाव, वय, पत्ता आणि तारीख लिहून पावती फाडायची. नियमाने वागायचं तर क्रम असा: आधी ओळखपत्र, मग जन्मतारखेवरून वय, मग पावती, आणि शेवटी बाटली. प्रत्यक्षात बाटली आधी येते. पावती बहुतेक वेळा दिसतही नाही. बऱ्याच बारमध्ये बिलात परमिटचे पाच रुपये लागतात, पण कुणाच्या नावाचं परमिट हे बिलावर नसतं. पुस्तकं खपलेली दिसायला हवीत म्हणून महिनाअखेरीस बसून नावं मनाने भरली जातात. ही गोष्ट या धंद्यात गुपित नाही.

असं का होतं याची कारणं व्यवहारातली आहेत. शनिवारी संध्याकाळी आठ ते दहा या वेळात चालत्या वाइन शॉपच्या काउंटरवर एका गिऱ्हाइकाला अर्धं मिनिटही मिळत नाही. चार रकाने हाताने भरायचे तर दीड-दोन मिनिटं जातात. रांग रस्त्यावर येते आणि मग पोलिसांची तक्रार वेगळी. काउंटरवरच्या माणसाकडे नोकरनामा, म्हणजे दुकानात काम करायची अधिकृत परवानगी, असते, पण वय कसं तपासायचं याचं शिक्षण त्याला कुणी दिलेलं नसतं. दारूच्या किमतीपुढे पाच रुपये इतके क्षुल्लक की ते मागणं गिऱ्हाइकाला खोड काढल्यासारखं वाटतं. शिवाय तपासणीला आलेला दुय्यम निरीक्षक पुस्तकं आणि साठ्याचा हिशेब बघतो. पुस्तकातलं नाव आणि समोर बसलेला मुलगा एकच आहेत का, हे तो बघू शकत नाही, कारण पान भरलं जातं तेव्हा मुलगा घरी गेलेला असतो.

याचा तरुणांच्या मनावर होणारा परिणाम फार खोल आहे आणि तो लक्षात घेतला जात नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदा वाइन शॉपसमोर उभा राहतो तेव्हा तो घाबरलेला असतो. विचारलं तर काय सांगायचं, हे त्याने मित्रांकडून घोकून आणलेलं असतं. आणि त्याला कुणी काहीच विचारत नाही. त्या अर्ध्या मिनिटात तो दोन गोष्टी शिकतो: पंचविसाची अट खरी नाही, आणि भीती पोलिसांची बाळगायची, दारूची नाही. दुसरी गोष्ट जास्त घातक. दारू जपून प्यायची वस्तू आहे, हे वयाच्या अटीने त्याला सांगायचं होतं. तो मात्र दारू लपून प्यायची वस्तू आहे एवढंच घेऊन घरी जातो.

त्यात आणखी एक गुंता. परवान्याशिवाय पिणं कलम ६६ खाली गुन्हा आहे आणि तो सतरा वर्षांच्या मुलाला लागतो तसाच परवाना नसलेल्या पन्नाशीच्या काकांनाही. घरात बाबा, काका, मामा बिनपरवाना बसत असतील तर ‘तू पंचविसाचा नाहीस’ या वाक्याला मुलाच्या लेखी वजन राहत नाही. सगळेच कायदा मोडतात, मग माझ्याच वयाचं काय, असं त्याला वाटतं. वयाच्या अटीचं सगळ्यात मोठं नुकसान या सरसकट बिनपरवाना पिण्याने केलं आहे.

आता वर्षाचा आणि आजीवन परवाना. हा भाग चांगला जमला आहे. विभागाच्या संकेतस्थळावर मोबाइल क्रमांकाने नोंदणी करायची, परवान्याचा प्रकार निवडायचा, नाव, जन्मतारीख आणि पत्ता भरायचा, फोटो आणि वयाचा, पत्त्याचा पुरावा चढवायचा आणि शुल्क ऑनलाइन भरायचं. परवाना हातात आला की तो फोनमध्ये ठेवता येतो. अर्ज अडतो तो ठरलेल्या जागी. आधारवर काही वेळा फक्त जन्मवर्ष असतं, पूर्ण तारीख नसते. असं असेल तर पॅन कार्ड, पासपोर्ट किंवा वाहन परवाना जोडावा, त्यांवर तारीख पूर्ण असते. कागदपत्रांवर नावाचा क्रम वेगळा असला, म्हणजे एकावर आडनाव आधी आणि दुसऱ्यावर शेवटी, तर अर्जात जोडलेल्या पुराव्याप्रमाणेच नाव लिहावं. फोटो मोबाइलवरून काढून तसाच चढवला की फाइल मोठी होते आणि अर्ज पुढे सरकत नाही. ती आधी लहान करून घ्यावी.

कोणता परवाना परवडतो हा हिशेब सोपा आहे. वर्षाकाठी वीसपेक्षा जास्त वेळा घेणाऱ्याला एक दिवसाच्या परवान्यांपेक्षा वर्षाचा स्वस्त पडतो, आणि आजीवनचे हजार रुपये दहा वर्षांत फिटतात. पण पंचविशी नुकतीच ओलांडलेल्याने लगेच आजीवन परवाना काढायची घाई करू नये. वर्षाच्या परवान्याचं नूतनीकरण करावं लागतं. वर्षातून एकदा ‘मला हे अजून हवं आहे का’ हा प्रश्न समोर येत असेल, तर शंभर रुपयांत तो महाग नाही.

परवान्याच्या मजकुराबद्दल मात्र गंभीर तक्रार आहे. धारकाला आरोग्याच्या रक्षणासाठी आणि जपणुकीसाठी मद्याची गरज आहे, अशा अर्थाचे शब्द त्यात आहेत. याचं मूळ जुनं आहे. मुंबई राज्यात कडक दारूबंदी होती तेव्हा प्रकृतीच्या कारणाशिवाय परवाना मिळत नसे. नंतर बंदी सैल झाली, वसंतराव नाईकांच्या काळात परवाने मोकळे झाले, पण शब्द तेच राहिले. आज पंचविसाव्या वर्षी तरुणाला दारूबद्दल जो पहिला सरकारी कागद मिळतो तो ती आरोग्यासाठी असल्याचं सांगतो. त्याच दिवशी विकत घेतलेल्या बाटलीवर ‘मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे’ असा इशारा छापलेला असतो, तोही कायद्यानेच. दोन्हींतलं खरं काय ते बाटलीवर लिहिलं आहे. परवान्यावरचा मजकूर बदलायला हवा, आणि तिथे जागा उरते ती पेग, बाटली आणि वेळ यांच्या साध्या कोष्टकाला द्यायला हवी.

ते कोष्टक का हवं, हे एकवीस आणि पंचवीस या दोन टप्प्यांतून दिसतं. कल्पना मुळात शहाणपणाची आहे: आधी सौम्य पेय, चार वर्षांनी कडक. जर्मनीतही अशीच पायरी आहे, बिअर आणि वाइन सोळाव्या वर्षी, कडक दारू अठराव्या. पण तिथली नेहमीची बिअर पाच टक्क्यांच्या आसपास असते. आपल्याकडे बिअर म्हणून जी जास्त खपते ती स्ट्राँग, लेबलवर आठ टक्क्यांपर्यंत. इथे पायरीचा हिशेब मोडतो.

आकडे मांडून बघा. व्हिस्की, रम, व्होडका आपल्याकडे ४२.८ टक्क्यांची असते. तीस मिलिलिटरच्या एका स्मॉल पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल साधारण १० ग्रॅम. ६५० मिलिलिटरच्या पाच टक्के माइल्ड बिअरमध्ये सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे अडीच स्मॉल पेग. आणि तेवढ्याच आठ टक्के स्ट्राँगमध्ये ४१ ग्रॅम, म्हणजे चार स्मॉल किंवा दोन लार्ज पेग. ‘मी कडक घेत नाही, फक्त बिअर घेतो’ असं सांगणारा एकवीस वर्षांचा मुलगा दोन स्ट्राँग रिचवतो तेव्हा त्याच्या पोटात आठ स्मॉल पेग गेलेले असतात. तेवढी व्हिस्की त्याच्यापुढे ओळीने मांडली तर तो स्वतःच नको म्हणेल. बिअरच्या बाटलीवर त्याचा विश्वास असतो, कारण कायद्याने तिला सौम्यांच्या रांगेत बसवलं आहे. एकविसाव्या वर्षीची सूट माइल्डपुरतीच पाळली जायला हवी आणि पाच टक्क्यांवरची बिअर कडक दारूबरोबर मोजायला हवी. हा बदल कागदावर छोटा आहे, पण तरुणांच्या दृष्टीने या सगळ्या व्यवस्थेत सगळ्यात उपयोगी तोच ठरेल.

हाच हिशेब गाडीशी जोडावा. निरोगी शरीर तासाला साधारण सात-आठ ग्रॅम अल्कोहोल जाळतं. लिंबूपाणी, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ हा वेग वाढवत नाहीत. ६५ किलोच्या तरुणाने उपाशीपोटी एक स्ट्राँग बिअर भरभर संपवली तर ढोबळमानाने १०० मिलिलिटर रक्तात ९० मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल पोहोचतं. मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० आहे. ती तिप्पट ओलांडली जाते आणि खाली यायला चार तास तरी लागतात. ५० किलोच्या मुलीचा आकडा त्याच बाटलीने १३० च्या पुढे जातो. तेही मैत्रिणीच्या बरोबरीने पिण्याच्या हट्टाशिवाय, केवळ वजन आणि शरीरातल्या पाण्याच्या प्रमाणामुळे. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, दुसऱ्याला १५,००० किंवा दोन वर्षं. रात्री अकराला संपवलेली क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटरची बाटली, ६१ ग्रॅम अल्कोहोल, सकाळी सातलाही रक्तात थोडी उरलेली असू शकते. सकाळच्या पहिल्या लेक्चरला दुचाकीवर निघणाऱ्या मुलामुलींना हे कुणी सांगत नाही.

क्वार्टरचा विषय निघाला आहे तर तिच्याबद्दल थोडं सविस्तर. वय कमी असलं की प्यायची जागा मिळत नाही. घर नाही, हॉस्टेल नाही, चांगल्या बारमध्ये कधीमधी ओळखपत्र मागतात. मग उरते पार्क केलेली गाडी, टेकडी, धरणाची भिंत, मित्राची रिकामी खोली. अशा ठिकाणी खंबा, म्हणजे मोठी पूर्ण बाटली, बाळगता येत नाही, बिअरची बाटली खिशात मावत नाही. क्वार्टर मावते. बर्फ नसतो, सोडा नसतो, जेवण तर नसतंच; फार तर चकण्याची पुडी. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत क्वार्टर ओतून दोघांत वीस मिनिटांत संपवली जाते, कारण कुणी यायच्या आत उरकायचं असतं. एका माणसाच्या वाट्याला वीस मिनिटांत तीस ग्रॅम, तेही रिकाम्या पोटी. परमिट रूममध्ये तेवढंच प्यायला जेवणासकट दीड-दोन तास लागले असते. वयाची अट अर्धवट पाळली की मुलं दारू सोडत नाहीत, ती जागा आणि वेग बदलतात, आणि दारूमुळे होणारं नुकसान बरंचसं वेगातून येतं. ज्याने पिण्याची सुरुवात लपून, घाईत आणि उभ्याने केली, त्याची ती सवय परवाना मिळायच्या वयातही लवकर जात नाही.

अशा वेळी कुणी बेशुद्ध झालं तर मुलं दवाखान्यात जायला घाबरतात, कारण वय उघड होईल. म्हणून हे स्पष्ट लिहिलेलं बरं: हाक मारून किंवा चिमटा काढून जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी झाला असेल किंवा मध्येच थांबत असेल, ओठ निळसर पडले असतील, बेशुद्धीत उलटी होत असेल, तर कुशीवर वळवा, एकटं सोडू नका आणि १०८ ला फोन करा. ओकारी काढायला तोंडात बोटं घालू नका, मिठाचं पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. झोपून उतरेल म्हणून वाट बघू नका. पोटातली दारू पुढचा अर्धा-पाऊण तास रक्तात उतरतच असते.

गोव्याबद्दलही सांगायला हवं. तिथे पिण्याचं वय १८ आणि परवाना लागत नाही. पुणे, मुंबई, कोल्हापूरची कॉलेजची मुलं पहिली मोकळी दारू गोव्यात पितात, याचं समुद्राइतकंच मोठं कारण हे. त्यात वाईट असं काही नाही. निदान तिथे बसून, जेवून, उजेडात प्यायली जाते. पण परतताना चूक होते. स्वस्त म्हणून चार बाटल्या बॅगेत टाकल्या जातात. त्या बाटल्यांवर महाराष्ट्राचं उत्पादन शुल्क भरलेलं नसतं, म्हणून बांदा-इन्सुलीच्या नाक्यावर त्या अवैध मद्य ठरतात. आजीवन परवाना दाखवून उपयोग नाही. तो महाराष्ट्रात शुल्क भरलेल्या दारूपुरता आहे. माल जप्त होतो, गुन्हा नोंदवला जातो आणि गाडीही अडकते. गाडी बहुधा वडिलांच्या नावावर असते, आणि सोडवायला कोर्टाच्या फेऱ्या त्यांना माराव्या लागतात. भरारी पथकं रेल्वे आणि खासगी बसही तपासतात. बाटली गोव्यात संपवा किंवा गोव्यातच ठेवा.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला आलिशान मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. चालवणारा अठराच्या आतला होता आणि त्याआधी त्याला बारमध्ये दारू दिली गेल्याचा आरोप आहे. बाल न्याय मंडळाने जामीन देताना घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट सगळ्यांच्या लक्षात राहिली. त्यापेक्षा लक्षात ठेवायला हवं ते बाल न्याय कायद्याचं कलम ७७: अठराच्या आतल्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. हे कलम बारमालकापुरतं नाही. सतरा वर्षांच्या पुतण्याला लग्नाच्या आदल्या रात्री ‘एक घे रे’ म्हणून ग्लास देणारे काकाही त्यात बसतात. त्या अपघातानंतर पुण्यात बार तपासले गेले, काही बंद केले गेले, काही आठवडे दारात ओळखपत्रं मागितली गेली. म्हणजे वय तपासता येतं. धंदा बुडत नाही, रांग थांबत नाही. काही आठवडे जे जमलं ते बारा महिने न जमायचं कारण फक्त देखरेखीचं आहे.

वयाची अट मुळातच निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मात्र सहमत होता येत नाही. २०११ च्या व्यसनमुक्ती धोरणात पंचविशीची अट पुढे आली तेव्हा अभिनेते इम्रान खान तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. अठराव्या वर्षी मत देता येतं, मग पंचवीसपर्यंत ग्लास का नाही, हा सवाल तेव्हापासून प्रत्येक कॉलेज कट्ट्यावर ऐकू येतो. सवाल रास्त आहे. पण मेंदूची, विशेषतः आवेग आवरणाऱ्या भागाची वाढ पंचविशीच्या आसपास पूर्ण होते आणि पिण्याची सुरुवात जितकी लवकर तितका पुढे व्यसनाचा धोका जास्त, हेही तितकंच खरं. अमेरिकेने १९८४ मध्ये राज्यांचा महामार्ग निधी कापण्याचा धाक घालून देशभर वय २१ करायला लावलं आणि तरुणांचे रस्त्यावरचे मृत्यू घटले. न्यूझीलंडने १९९९ मध्ये वय २० वरून १८ केलं, तेव्हा तरुणांचे अपघात वाढल्याचं तिथल्या अभ्यासकांना दिसलं. अट काम करते, पण ती दारात विचारली गेली तरच. स्वीडनमध्ये बारमध्ये अठराव्या वर्षी पिता येतं, पण सरकारी दुकानातून बाटली विकत घ्यायला वीस वर्षं पूर्ण लागतात. चेहऱ्यावरून पंचविशीच्या आतला वाटणाऱ्या प्रत्येकाला ओळखपत्र मागायचं, असा तिथल्या दुकानदारांचा नियम आहे. मागणाऱ्याला संकोच नाही आणि दाखवणाऱ्याला अपमान नाही, कारण सगळ्यांनाच विचारलं जातं. आपल्याकडे पंचवीस ही अट असल्यामुळे तिशीच्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाला विचारावं लागेल, एवढाच फरक.

काउंटरवर हे करायचं कसं, हेही अवघड नाही. फोनवरचा आधारचा फोटो किंवा स्क्रीनशॉट स्वीकारू नये. जन्मवर्षातला एक आकडा बदलणं आज कुणालाही दोन मिनिटांत जमतं. डिजिलॉकर समोर उघडायला सांगावं, किंवा आधारवरचा क्यूआर कोड आधारच्याच अॅपने वाचावा. त्यात जन्मतारीख सहीसकट येते आणि ती खोडता येत नाही. मित्राचं ओळखपत्र दाखवण्याची युक्ती फोटोकडे नीट बघितलं की कळते. शंका आली तर जन्मवर्ष न विचारता रास किंवा दहावीचं वर्ष विचारावं, घोकून आलेला तिथे अडखळतो. टेबलावर आठ जण असतील तर बिल देणाऱ्या एकाचंच नाही, आठही जणांचं वय बघावं. एक पंचविशीचा पुढे करून बाकीचे सात विशीचे, ही शनिवारची नेहमीची रचना आहे. तपासलेल्यांच्या मनगटावर कागदी पट्टी बांधली की वेटरला पुन्हा विचारावं लागत नाही.

आणि विभागाने हाताने भरायची पुस्तकं बंद करावीत. एक दिवसाचा परवाना क्यूआर वाचूनच निघाला, जन्मतारीख त्यातूनच आली आणि परवान्याचा क्रमांक बिलावर छापला गेला, तर महिनाअखेरीस नावं भरता येणार नाहीत. ही सगळी यंत्रणा वर्षाच्या ऑनलाइन परवान्यासाठी बहुतांशी तयार आहे. मे २०२० मध्ये टाळेबंदीत परवानाधारकांना घरपोच दारूची मुभा दिली, तेव्हा लोकांनी पटापट ऑनलाइन परवाने काढलेच होते.

आज आहे तशा अवस्थेत या सेवेला गुण द्यायचे तर ऑनलाइन वार्षिक परवान्याला पाचपैकी चार, मजकुराचा एक कापून. एक दिवसाच्या परवान्याला एक, आणि तोही फक्त दर परवडतो म्हणून. पंचविशी पूर्ण केलेल्यांनी वर्षाचा परवाना जरूर काढावा आणि घरातल्या मुलांना तो दाखवावा. ‘नियम असतो आणि आम्ही तो पाळतो’ हे त्यांना डोळ्यांनी दिसू दे. परवाना फोनमध्ये आणि एक छापील प्रत पाकिटात ठेवा, नाक्यावर रेंज नसते. वर्धा आणि गडचिरोलीत त्याचा उपयोग नाही. वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तिथे दुकान नाही आणि परमिट रूमही नाही. नागपूरहून तिकडे निघताना डिकी एकदा तपासून घ्या. चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली, त्यामुळे तिथे परवाना चालतो.